वळवला की दिसणारा आकार

जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठाच्या गणित विभागात काचेच्या कपाटांमधून प्लास्टरचे शेकडो पांढरे आकार मांडून ठेवलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फेलिक्स क्लाइन आणि अलेक्झांडर ब्रिल यांनी म्युनिकमध्ये आपल्या विद्यार्थ्यांकडून असे नमुने करून घ्यायला सुरुवात केली. ब्रिल यांचे बंधू लुडविग यांनी ते डार्मश्टाटहून विकायला काढले आणि दूरदूरच्या विद्यापीठांनी ते विकत घेतले. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा क्लाइन यांनी हे नमुने तिथेही नेले होते. त्यांतला एक क्लेब्श यांच्या नावाने ओळखला जातो. तिसऱ्या घाताच्या समीकरणातून निघणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर बरोबर २७ सरळ रेषा असतात, हे केली आणि सॅमन यांनी १८४९ मध्ये दाखवून दिले होते. पण पुष्कळदा त्यांतल्या काही रेषा काल्पनिक असतात, म्हणजे आपल्या अवकाशात उतरतच नाहीत. क्लेब्श यांच्या पृष्ठभागावर मात्र सत्तावीसच्या सत्तावीस रेषा वास्तव आहेत, आणि प्लास्टरवर त्या कोरून दाखवता येतात. कागदावर चित्र काढण्याचे कसब त्या काळातल्या गणितज्ञांकडे होतेच. तरीही ही मेहनत घेतली गेली, कारण कागदावरचे चित्र एकाच बाजूने बघते. पुढच्या कमानीने मागची खोबण झाकली की ती झाकलेलीच राहते. असा आकार समजायचा तर त्याच्याभोवती फिरावे लागते, नाहीतर तो हातात घेऊन फिरवावा लागतो.

फिरवण्याने नेमके काय साधते, याचा एक सुंदर प्रयोग हान्स वॉलाक आणि डी. एन. ओकॉनेल या मानसशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडायची आणि बघणाऱ्याला फक्त सावली दाखवायची. तार स्थिर असली की सावली सपाट दिसते, कागदावर ओढलेल्या वेड्यावाकड्या रेघेसारखी. तार फिरू लागली की तीच सावली एकदम भरीव होते आणि बघणारा तिची खोली ओळखू लागतो. पडद्यावर खोली नव्हतीच. ती बदलत्या सावल्यांच्या परस्परसंबंधातून मेंदूने बांधून काढली. संगणकाची स्क्रीनही सपाट पडदाच आहे. तिच्यावर काढलेला पृष्ठभाग माऊसबरोबर वळतो तेव्हा हेच घडते, मात्र एका अटीवर: हाताची हालचाल आणि चित्राची हालचाल यांच्यात खंड पडता कामा नये. हात हलवल्यावर चित्र सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद देत असेल तर ते हाताखाली असल्यासारखे वाटते, हा संगणकाच्या रचनेतला जुना आणि कसाला उतरलेला नियम आहे. त्याहून उशीर होऊ लागला की वळणारा आकार जातो आणि सुट्या चित्रांची रांग उरते. म्हणून गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमिती आकार झटपट काढणे ही नुसती सोय आहे, असे मी मानत नाही. आकार समजण्याची क्रियाच त्या वेगावर उभी आहे. आणि हा वेग मुख्यतः महागड्या यंत्रातून आलेला नाही. काय मोजायचे नाही हे ठरवण्यातून, म्हणजे गणितातूनच, तो आला आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. यंत्रे दरवर्षी वेगवान होत आहेत. आज संथ वाटते ते उद्या आपोआप झटपट होईल, मग एवढा विचार कशाला? उत्तर साध्या मोजणीत आहे. समीकरणात उंची थेट दिलेली असेल, म्हणजे झ ही क्ष आणि य वरून निघत असेल, तर काम सोपे असते: जमिनीवर शंभर बाय शंभर बिंदूंची जाळी आखायची, प्रत्येक बिंदूवर उंची काढायची आणि शेजारचे बिंदू त्रिकोणांनी जोडायचे. दहा हजार बिंदू, १९,६०२ त्रिकोण. साध्या लॅपटॉपलाही हे जड नाही. पण पुष्कळ पृष्ठभाग असे मिळत नाहीत. क्ष-वर्ग, य-वर्ग आणि झ-वर्ग यांची बेरीज १, हे गोलाचे समीकरण घ्या. ते फक्त कसोटी देते: एखादा बिंदू गोलावर आहे की नाही एवढेच त्यावरून कळते, बिंदू शोधायचा कुठे ते कळत नाही. शोधायला सगळा अवकाश धुंडाळावा लागतो. उणे २ ते अधिक २ एवढ्या पेटीचे प्रत्येक दिशेने शंभर भाग केले की दहा लाख छोटे घन होतात. बारकावा दुप्पट हवा असेल तर ऐंशी लाख, त्याच्याही दुप्पट हवा तर सहा कोटी चाळीस लाख. यंत्राचा वेग दुप्पट झाला, तरी आठपट वाढणाऱ्या कामापुढे तो पुरा पडत नाही. उलट गोल ज्या घनांमधून खरोखर जातो त्यांची संख्या पहिल्या जाळीत साधारण बारा हजार भरते, म्हणजे शंभरात एकाच्या किंचित वर. आणि बारकावा दुप्पट केला की ती आठपट न होता चौपट होते. उरलेले नव्याण्णव टक्के श्रम रिकाम्या जागेवर खर्च होतात. इथे कमाई आहे ती रिकामी जागा ओळखण्यात.

ओळखायची कशी, हे हाताने करून पाहण्यासारखे आहे. त्याच पेटीचा एक कोपरा घ्या, जिथे क्ष, य आणि झ हे तिन्ही १ ते २ च्या दरम्यान आहेत. तिथे प्रत्येकाचा वर्ग १ ते ४ मध्ये असणार, म्हणून तिघांची बेरीज ३ ते १२ मध्ये. त्यातून १ वजा केला तर उत्तर २ ते ११. शून्य या टप्प्यात येतच नाही; म्हणजे गोल या कोपऱ्यात असूच शकत नाही. एका ओळीच्या या हिशेबाने २५ बाय २५ बाय २५, म्हणजे १५,६२५ घन एका फटक्यात बाद झाले, आणि पेटीच्या आठही कोपऱ्यांना तोच न्याय लावला की सव्वा लाख. जिथे शून्य टप्प्यात येते तिथे पेटीचे आठ तुकडे करायचे आणि प्रत्येकाला पुन्हा हाच प्रश्न विचारायचा. संख्यांऐवजी संख्यांच्या टप्प्यांवर बेरीज-गुणाकार करण्याच्या या रीतीला अंतराल गणित म्हणतात. तिचे मोल नुसत्या वेगात नाही. दोन-चार ठिकाणी डोकावून ‘इथे काही दिसले नाही’ असे ती म्हणत नाही. ‘इथे काही नाही’ हे ती सिद्ध करते. हा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे.

उरलेल्या घनांमध्ये पृष्ठभाग बसवायची रीत विल्यम लोरेन्सेन आणि हार्वे क्लाइन या जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी १९८७ मध्ये मांडली. (हे क्लाइन वेगळे, गोटिंगेनचे नव्हेत.) त्यांच्यापुढचा प्रश्न वैद्यकातला होता: सीटी स्कॅनच्या थरांतून हाडाचा आकार उभा करायचा. घनाच्या आठ कोपऱ्यांवर समीकरणाची किंमत काढायची आणि फक्त चिन्ह पाहायचे, अधिक की उणे. आठ कोपरे, प्रत्येकाला दोन शक्यता, म्हणून एकूण २५६ प्रकार. घन फिरवून किंवा चिन्हे उलटवून सारखे होणारे प्रकार एकत्र केले की उरतात १५. या पंधरांसाठी त्रिकोण कसे बसतील याचा तक्ता आधीच करून ठेवला की संगणकाला विचार करायचे कारण उरत नाही, तक्ता पाहायचा आणि त्रिकोण मांडायचे. एका कडेच्या एका टोकाला किंमत उणे १ आणि दुसऱ्या टोकाला ३ असेल, तर पृष्ठभाग ती कड पहिल्या टोकापासून पाव अंतरावर कापतो असे धरायचे. कल्पना इतकी सरळ आहे की कुणाला आधी का सुचली नाही असे वाटावे. कंपनीने तिचे पेटंट घेतले आणि ते २००५ पर्यंत लागू राहिले. एक तक्ता इतकी वर्षे बांधून ठेवणे हे मला गणिताच्या दृष्टीने नुकसानीचेच वाटते, कारण त्या काळात अनेकांनी घनांऐवजी चतुष्फलक वापरणाऱ्या, जास्त त्रिकोण निर्माण करणाऱ्या वाटा धरल्या. लोरेन्सेन यांनीच पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये त्रिमिती चित्रणाच्या साधनांचा व्हीटीके हा मुक्त संच घडवला. पायथन भाषेतले मायावी हे सॉफ्टवेअर त्याच संचावर उभे आहे, आणि ते मुळात लिहिणारे प्रभू रामचंद्रन पवईच्या आयआयटीत प्राध्यापक आहेत.

त्रिकोण मिळाले म्हणजे चित्र मिळाले असे नाही. पुढचा आणि मागचा त्रिकोण स्क्रीनवर एकाच जागी येतात, दाखवायचा कोणता? जुना उपाय चित्रकाराचा: लांबचे आधी रंगवायचे, जवळचे नंतर त्यांच्यावर. पण त्यासाठी प्रत्येक नव्या कोनातून सगळ्या त्रिकोणांची पुन्हा क्रमवारी लावावी लागते, आणि एकमेकांना छेदणाऱ्या त्रिकोणांत कोण पुढे याला उत्तरच नसते. गणितातले पृष्ठभाग तर स्वतःलाच छेदण्यासाठी प्रसिद्ध आहेत. युटा विद्यापीठात एडविन कॅटमुल यांनी १९७४ च्या प्रबंधात वेगळी वाट धरली. प्रत्येक पिक्सेलसाठी रंगाबरोबर खोलीचाही आकडा साठवायचा. नवा त्रिकोण त्या पिक्सेलवर आला की त्याची खोली जुन्या आकड्याशी ताडायची, जवळचा असेल तर ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. क्रमवारी नको, छेदांची अडचणही नको. ५१२ बाय ५१२ च्या चित्राला असे २,६२,१४४ आकडे लागतात, आणि त्या काळच्या मेमरीच्या किमतीत ही चैन होती. मेमरी स्वस्त झाली आणि हीच रीत आज प्रत्येक ग्राफिक्स कार्डात कोरलेली आहे. त्याच विद्यापीठातल्या बुई तुआंग फाँग यांनी उजेडाचा हिशेब पिक्सेलगणिक करायची रीत दिली. पृष्ठभागाची लंबदिशा त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर माहीत असेल तर मधल्या पिक्सेलांवर ती हळूहळू बदलत न्यायची. मग थोडेच त्रिकोण असूनही आकार गुळगुळीत दिसतो. गणितात ही लंबदिशा अंदाजाने काढावी लागत नाही, समीकरणाच्या विकलनातून ती नेमकी मिळते. गणिताच्या सॉफ्टवेअरला मिळालेला हा हक्काचा फायदा आहे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर तो घेतेच असे नाही.

खरी मेख कामाच्या वाटणीत आहे. पृष्ठभाग शोधणे जड आहे, पण समीकरण बदलत नाही तोवर ते एकदाच करायचे असते. वळवणे हलके आहे, पण सेकंदाला तीस-साठ वेळा करायचे असते. पहिले काम प्रोसेसरने करून त्रिकोण एकदा ग्राफिक्स कार्डाच्या स्वाधीन केले, की वळवताना कार्डाला फक्त सोळा आकड्यांचा एक चौकोनी कोठा बदलून पाठवावा लागतो. हे वाचताना स्वाभाविक वाटते, पण व्यवहारात यायला वेळ लागला. मॅथेमॅटिका हे गणिताचे सॉफ्टवेअर १९८८ मध्ये आले तेव्हा त्याची त्रिमिती चित्रे कागदावर छापायच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत निघत; दुसऱ्या कोनातून पाहायचे तर आज्ञा पुन्हा द्यायची आणि चित्र नव्याने काढायचे. माऊसने धरून चित्र वळवणे त्यात सहज झाले ते २००७ च्या सहाव्या आवृत्तीत. २०११ नंतर वेबजीएलमुळे ब्राउझरमधूनही ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचता येऊ लागले, आणि जिओजेब्रासारख्या साधनांतून शाळकरी मुलेही शंकू कापून त्याचा छेद फिरवून पाहू लागली. क्लाइन यांच्या कपाटातला नमुना विकत घेण्याची ऐपत एखाद्या विद्यापीठाचीच असे. तीच गोष्ट आता फोनवर होते. मला हा बदल फार मोठा वाटतो.

दुसरी वाट त्रिकोणांना मुळातूनच फाटा देते. डोळ्यापासून प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोडायचा आणि तो पृष्ठभागाला पहिल्यांदा कुठे लागतो ते काढायचे. आपल्याच गोलाकडे क्ष बरोबर ३, य बरोबर ०, झ बरोबर अर्धा अशा जागेवरून सरळ बघितले, तर त अंतरावर क्ष हा ३ वजा त होतो. समीकरणात घालून मांडले की त-वर्ग वजा ६त अधिक ८.२५ बरोबर शून्य. याची मुळे साधारण २.१३ आणि ३.८७, पहिले गोलाची पुढची बाजू, दुसरे मागची. पुढचे घ्यायचे, मागचे आपोआप झाकले जाते. समीकरण सहाव्या घाताचे असेल तर प्रत्येक किरणावर सहाव्या घाताची बहुपदी सोडवावी लागते. ६०० बाय ६०० च्या चित्रात ३,६०,००० किरण, सेकंदाला तीस चित्रे, म्हणजे एक कोटी आठ लाख बहुपदी दर सेकंदाला. हे जमते कारण एका किरणाला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड अशी हजारो स्वतंत्र कामे एकाच वेळी करते. इथेही न मोजण्याची कला आहेच. देकार्त यांनी १६३७ मध्ये दिलेला नियम सांगतो की बहुपदीच्या सहगुणकांची चिन्हे जितक्या वेळा बदलतात, त्याहून अधिक धन मुळे तिला नसतात. चिन्हे बदलतच नसतील तर मूळ शोधायची गरज नाही. तो किरण पार्श्वभूमीत गेला. जर्मनीत २००८ हे गणितवर्ष साजरे झाले त्या निमित्ताने ओबरवुल्फाखच्या गणित संस्थेने काढलेले सर्फर हे सॉफ्टवेअर अशा किरणांवर चालते. त्यात वुल्फ बार्थ यांचा ६५ टोकदार बिंदूंचा सहाव्या घाताचा पृष्ठभाग सामान्य माणसाला हाताने वळवता येतो. त्रिकोणांच्या जाळीत ती टोके बोथट होतात. किरणांमध्ये ती टोकदारच राहतात.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येऊ. झटपट काढलेले चित्र खोटे असू शकते, आणि ते जितके देखणे तितके अधिक विश्वासार्ह वाटते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याची ताकद पाहण्यासाठी दोनच उदाहरणे पुरेत. पहिले, उंची म्हणजे २० पाय (π) गुणिले क्ष याचा साइन. ० ते १ मध्ये ही दहा पूर्ण लाटांची शेतासारखी सरीवरंब्यांची जमीन आहे. पण जाळी ०.१ च्या अंतराने आखली तर प्रत्येक बिंदू नेमका त्या जागी पडतो जिथे साइन शून्य आहे, आणि स्क्रीनवर सपाट जमीन दिसते. तक्रार नाही, सूचना नाही, नुसती सपाट जमीन. दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. गोलाचे समीकरण एका बाजूला आणून सगळ्याचा वर्ग केला तर पृष्ठभाग बदलत नाही, गोल तो गोलच. मात्र वर्ग कधी उणा होत नसल्याने घनाच्या आठही कोपऱ्यांवर चिन्ह कधीच बदलणार नाही, आणि लोरेन्सेन-क्लाइन रीत रिकामी पेटी दाखवील. शिवाय १९८८ मध्ये दाखवले गेले की मूळ पंधरा प्रकारांच्या तक्त्यातही शेजारच्या घनांचे त्रिकोण एकमेकांशी जुळत नाहीत असे प्रसंग येतात, आणि जिथे पृष्ठभाग अखंड आहे तिथे भोके पडतात.

म्हणून चित्र संथ पण काटेकोर असावे, असे काही जण म्हणतात. मला वाटते हा निष्कर्ष चुकीच्या बाजूला जातो. संथ चित्रही बिंदूंच्या जाळीवरच उभे असते. सरीवरंबे सपाट दिसण्याचा दोष जाळीच्या निवडीत आहे, वेगात नाही. चित्र काढायला दोन मिनिटे लागत असतील तर जाळी बदलून पुन्हा बघण्याचा उत्साह कुणाला राहील? क्षणात निघत असेल तर जाळी ०.१ वरून ०.०९ वर आणण्याचा प्रयोग सहज होतो, आणि सपाट जमिनीत अचानक लाटा उठल्या की फसवणूक उघडी पडते. वेग हे खोट्या चित्राचे कारण नसून त्याची उलटतपासणी करण्याचे साधन आहे. अर्थात त्यासाठी जाळी किती बारीक आहे हे सॉफ्टवेअरने दाखवायला हवे आणि ती बदलायला सोपी ठेवायला हवी. ती लपवून वर गुळगुळीत रंग चढवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचे नुकसान करते, हे मी ठामपणे म्हणेन.

चित्राने खऱ्या संशोधनात काय केले, याचा पुरावाही आहे. साबणाच्या पडद्यासारख्या, आपल्या प्रत्येक लहान तुकड्यात कमीत कमी क्षेत्रफळ व्यापणाऱ्या पृष्ठभागांपैकी कुठेही न संपणारे, स्वतःला न छेदणारे आणि मर्यादित गुंतागुंतीचे असे तीनच ठाऊक होते: प्रतल, ऑइलर यांनी १७४४ मध्ये अभ्यासलेला कॅटेनॉइड, आणि म्यूनिए यांचा १७७६ चा हेलिकॉइड. १९८२ मध्ये ब्राझीलच्या सेल्सो कोस्टा यांनी आपल्या प्रबंधात चौथ्याची समीकरणे लिहिली. तो स्वतःला छेदतो की नाही हे मात्र त्या समीकरणांकडे बघून कळत नव्हते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले डेव्हिड हॉफमन आणि विल्यम मीक्स यांनी जेम्स हॉफमन यांच्या ग्राफिक्स प्रोग्रॅमच्या मदतीने तो स्क्रीनवर आणला. वेगवेगळ्या बाजूंनी बघताना छेद दिसला नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या आकारात दोन सरळ रेषा आणि मोठी सममिती असल्याचे लक्षात आले. सगळा पृष्ठभाग आठ एकसारख्या तुकड्यांचा होता. मग एकच तुकडा स्वतःला छेदत नाही एवढे दाखवायचे उरले, आणि ते त्यांनी कागदावर, रीतसर सिद्ध केले. ‘चित्र म्हणजे सिद्धता नव्हे’ या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. चित्राने सिद्धतेची जागा घेतली नाही. सिद्धता कुठून सुरू करायची ते तिथे दिसले, आणि ते दिसायला एकाहून अधिक बाजू बघाव्या लागल्या.

चित्रालाच खात्री देता येईल का, हा प्रश्न यापुढचा आहे, आणि इथे रिकाम्या पेट्या बाद करणारे अंतराल गणित परत उपयोगी पडते. प्रतलावरच्या वक्रांसाठी जेफ टपर यांनी २००१ मध्ये अशी रीत दिली की प्रत्येक पिक्सेलबद्दल ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘अजून ठरले नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळते, आणि वेळ मिळेल तसे न ठरलेले पिक्सेल कमी होत जातात. पृष्ठभागांसाठी सायमन प्लान्टिंगा आणि खेर्ट फेख्टर यांनी २००४ मध्ये त्याहून पुढचे पाऊल टाकले. फक्त समीकरणाचीच नव्हे, तर त्याच्या विकलनाचीही किंमत टप्प्यांमध्ये काढायची, आणि पेटीत पृष्ठभाग फार वळत नाही याची खात्री पटेपर्यंतच तुकडे करायचे. मग हाती येणारे त्रिकोण अंतरात थोडे इकडेतिकडे असतील, पण भोके, तुकडे आणि जोड मूळ पृष्ठभागाइतकेच असतील याची हमी मिळते. आणि जिथे पृष्ठभाग सरळ जातो तिथे मोठ्याच पेट्यांवर काम भागत असल्याने अवकाश धुंडाळायचा खर्चही वाचतो. खात्री आणि वेग इथे एकाच हिशेबातून निघतात. अट एकच आहे, पृष्ठभाग सर्वत्र गुळगुळीत हवा. बार्थ यांच्या पृष्ठभागावर ६५ ठिकाणी ती मोडते: तिथे विकलन शून्य होते, पेट्यांचे तुकडे होत राहतात आणि काम थांबतच नाही. अशा बिंदूपाशी सॉफ्टवेअरने पेटी एका ठरावीक आकारापर्यंत लहान करून वेगळ्या रंगात सोडून द्यावी. तिच्या आत काय चालले आहे ते समीकरण हाताने सोडवून ठरवायचे.